वजन कुणाचं, तराजू कुणाचा?

(नाटे, ता. राजापूर, जि. रत्नागिरी येथे तरुणांपुढे केलेले भाषण)



तुमच्यातले बरेचसे काल रात्री मुंबईहून सुटले आणि सकाळी अंग अवघडून नाट्यात उतरले. उतरल्या उतरल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी पहिलं वाक्य काय टाकलं? कुणाला म्हणाले, 'तब्येत सुधारली हो तुझी.' कुणाला म्हणाले, 'काय रे, पार सुकलास! तिकडं जेवतोस की नाय?' पाणी द्यायच्या आधी माणूस काट्यावर घातला. पण त्यात माया होती. भूक बघितलेल्या माणसांची माया. ज्या घरानं उपास काढले, त्या घरात अंगावर मांस चढणं ही चांगली बातमी असते.

आता हाच 'तब्येत सुधारलेला' पोरगा मुंबईत कॉलेजात गेला की तिथं 'ढोल्या' होतो. पोरीचा 'भोपळा' होतो. लोकलमध्ये चौथी सीट द्यायला माणसं कुरकुरतात. कान दुखतो म्हणून दवाखान्यात जावं तर डॉक्टर म्हणतो, आधी वजन कमी करा. मग ती पोरगी दवाखान्यात जायचीच सोडते. फोटोत मागं उभी राहते. पुढं पुढं लोक शिव्या द्यायचे थांबले तरी ती स्वतःच स्वतःला देते.

याला शास्त्रवाले वजनाचा कलंक म्हणतात. २०२० साली जगभरच्या तज्ज्ञांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये एकत्र निवेदन काढलं. जाड माणसाला आळशी नि हावरट ठरवणं शास्त्राला धरून नाही, उलट त्यानं त्याच्या तब्येतीचं नुकसान होतं, असं त्यांनी सांगितलं. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. बाहेरच्यानं थुंकायचं आणि आपण ते स्वतःच्या तोंडाला चोळून घ्यायचं, हे आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या भोगलंय.

तर हा कलंक मोजायच्या प्रश्नावल्या आहेत. त्यातली एक २०१० साली अमेरिकेत जेसन लिलिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केली. बारा वाक्यं. प्रत्येकापुढं एक ते पाच आकडे. बेरीज बारा ते साठ. सहा वाक्यं स्वतःला कमी लेखण्याची, सहा लोकांच्या वागणुकीच्या भीतीची. उद्या असा कागद मराठीत करून कुणी तुमच्यापुढं धरला, तर तुम्ही काय करणार? भराभर आकड्यांना गोल करून मोकळे होणार?

नाय. आधी शब्द बघा.

पहिला शब्दच घ्या, वजन. आपल्या भाषेत 'वजनदार माणूस' म्हंजे जाडा नव्हे. ज्याच्या एका फोनवर तहसीलदार उभा राहतो तो. 'माझ्या वजनामुळे लोक वेगळं वागतात' असं वाक्य साखर कारखान्याच्या चेअरमनला वाचायला द्या, तो खुशीत पाचावर गोल करील. आणि आपली वजनाची समस्या विचाराल, तर ती अशी की आपल्याला समाजात वजनच नाय.

पुढं बघा. एक वाक्य या अर्थाचं आहे की, मी मनाचा कच्चा म्हणून जाडा झालो. भाषांतर करणाऱ्यानं डिक्शनरी उघडली आणि कच्च्याच्या जागी 'दुबळा' लिहिलं. झालं! मराठीत दुबळा म्हंजे अशक्त, दुबळा म्हंजे गरीब. 'मी दुबळा असल्यामुळे जाडा झालो.' वाचणारा हसेल नाहीतर चक्रावेल, पण गोल कुठंतरी करीलच. तो आकडा मग कॉम्प्युटरात जाईल आणि शास्त्र होऊन बाहेर येईल.

'संयम' घ्या. खाण्यावर ताबा नाही, हे सांगायला पांढरपेशा भाषांतरकार हटकून हा शब्द काढणार. त्याच्या घरी संयम म्हंजे एकादशी. आपल्या आज्ज्यांनी उपास केले ते देवासाठी नव्हे, चुलीवर चढवायला काही नव्हतं म्हणून.

आणि शेवटचं. 'लोकांना माझ्याजवळ बसायची लाज वाटते', या अर्थाचं एक वाक्य आहे. ते ऐकल्यावर आपल्या म्हाताऱ्यांना वजन आठवेल? त्यांना आठवेल ओटीच्या खाली बसणं, वरून ओतलेलं पाणी. लाज नव्हती ती, विटाळ होता. दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात बसवायच्या?

म्हणून भाषांतर झाल्यावर ते तपासायची एक रीत आहे, ती समजून घ्या. दोघांनी एकमेकांना न विचारता भाषांतर करायचं, मग दोन्ही समोरासमोर ठेवून एक करायचं. ज्यानं मूळ इंग्रजी बघितलेलंच नाही अशा तिसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यायचं. कुठं घसरलं ते तिथं दिसतं. मग माणसांपुढं बसायचं आणि प्रत्येक वाक्याला विचारायचं, 'तुला काय समजलं, तुझ्या शब्दांत सांग.' मग शेकडो लोकांकडून कागद भरून घ्यायचे. वाक्यं एकमेकांना धरून आहेत का, मूळचे दोन गट मराठीतही दोनच पडतात का, दोन आठवड्यांनी त्याच माणसाचं उत्तर तसंच येतं का, हे बघायचं.

आता इथं एक गोम आहे. वाक्यं एकमेकांना धरून आहेत का हे सांगणारा एक आकडा आहे, क्रोनबाखचा अल्फा. १९५१ पासून सगळे तो वापरतात. तो भारी आला की संशोधक खूश. पण सगळ्यांनी एकाच तऱ्हेनं चुकीचं समजून घेतलं, तरी हा आकडा भारीच येतो!

हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला पटकन कळावं. इथं खोती होती. खोत उभं पीक बघून अंदाज ठरवायचा आणि त्यावर अर्धेल नाहीतर तिर्धेल उचलायचा. समजा, खोताची पायली मोठी आहे. आज भरली, उद्या भरली, दहा वेळा भरली, दरवेळी तेवढंच भात मावेल. माप पक्कं. म्हणून खरं काय? १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल आणलं, ते पायली नीट पुसून घ्या असं सांगायला नव्हे. मापायचा हक्क कुणाचा, हा सवाल होता.

तोच सवाल इथं आहे. समजा, आपली एक पोरगी. अंगानं भरलेली, रंगानं काळी, आडनावावरून जात कळणारी. होस्टेलच्या मेसमध्ये तिच्या टेबलाला कुणी बसत नाही. कागद विचारतो, वजनामुळे लोक तुझ्याशी भेदभाव करतात का? तिनं पाच लिहिलं तर जात वजनाच्या खात्यात जमा झाली. एक लिहिलं तर वजनाचा अपमान पुसला गेला. तिनं काय लिहायचं?

यावर तोड निघालेली आहे. काळ्या नि गोऱ्या माणसांना रोज मिळणारी वागणूक मोजायला डेव्हिड विल्यम्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली केली. डेट्रॉइट शहरातल्या पाहणीवरून १९९७ साली त्यांनी ती मांडली. ती आधी एवढंच विचारते की, लोक तुमचा मान ठेवत नाहीत असं किती वेळा होतं? कारण नंतर विचारायचं. वंश, लिंग, वय, वजन, काय वाटतं ते सांगा. मराठीत त्या यादीत जात घालायला हवी आणि एकाहून जास्त कारणं सांगायची मुभा हवी. जातीचा रकाना नसलेला कागद आपल्या देशात कोरा कागद समजा.

आणि तपासणार कुणावर? १९७२ साली अॅन्सेल कीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वजनाला उंचीच्या वर्गानं भागायच्या जुन्या सूत्राला बीएमआय हे नाव दिलं. पाच देशांतले सात हजारांवर पुरुष मोजले, बाई एकही नाही. त्याच साली महाराष्ट्रात दुष्काळ होता, आपली माणसं खडी फोडून सुकडी खात होती. त्याच साली पँथर जन्मली. जगात जाड म्हंजे पंचविसाच्या पुढं, असं ठरलं होतं. आपल्याकडची शरीरं बघितल्यावर २००९ साली भारतातल्या तज्ज्ञांनी ती रेघ तेविसावर आणली. म्हंजे माणूस बदलला की माप बदलावं लागतं, हे त्यांनाही कबूल आहे. मग मनाच्या मापाला वेगळा न्याय का?

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत २४ टक्के जादा वजनाच्या निघाल्या आणि १८.७ टक्के गरजेपेक्षा बारीक. 'काडी', 'मरतुकडा', 'हडकुळी' हे ऐकणाऱ्यांचा कलंक कोण मोजणार? प्रश्नावली पुण्या-मुंबईच्या कॉलेजात तपासायची आणि 'मराठी तरुणांसाठी सिद्ध' असा शिक्का मारायचा, हे चालणार नाही. साखरी नाट्यातला मच्छीमार पोरगा मराठी तरुण नाही? काजूच्या कारखान्यात बसून कंबर धरलेली पोरगी नाही?

या गावाला कागदाची किंमत ठाऊक आहे. १६ मे २०१० ला शेजारी माडबनला अणुप्रकल्पाची जनसुनावणी झाली. पर्यावरण अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही, ही गावकऱ्यांची तक्रार होती. पुढं १८ एप्रिल २०११ ला इथं नाट्यात पोलिसांनी गोळीबार केला, एक तरुण मच्छीमार गेला. प्रश्नावलीनं कुणी मरत नाही, मान्य. पण ज्याला कागद कळला नाही त्याची सहीच कागदाला पुरते, ही खोड तीच.

म्हणून कागद फाडा असं मी म्हणत नाही. मोजलं नाही तर सरकार म्हणणार, असं काही नाहीच. मोजू द्या. पण मोजणाऱ्याला विचारा, शब्द कुणाच्या घरातले आहेत? आमच्यातल्या किती जणांपुढं बसून विचारलंत? एका उत्तराचा अर्थ आमच्यात आणि तुमच्यात एकच आहे, हे तपासलंत? तुमच्यातले जे मानसशास्त्र, समाजकार्य शिकतायत त्यांनी तर त्या भाषांतराच्या खोलीत घुसलंच पाहिजे. शब्द आपल्या आईला वाचून दाखवा. तिला कळला नाही तर शब्द नापास, आई नव्हे.

आणि शेवटचं आपल्याच माणसांना. मघाशी इथं सतरंज्या घालताना एका पोरीला कुणीतरी म्हणालं, 'तू बसू नको, फाटेल.' सगळे हसले. मीही हसलो. ती पण हसली. ते तिचं हसू कुठल्या आकड्यात मांडायचं, सांगा. जातीचा कलंक धुवायला निघालेल्या माणसांनी दुसरा कलंक खिशात ठेवून चालणार नाही.

आधी तिची माफी मागू. मग कागदाकडे वळू.

जय भीम.