जुन्या लाकडी सामानाची पारख



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राजकारण, साहित्य, तत्त्वज्ञान अशा थोर विषयांचा ऊहापोह होत असतो. त्या मानाने जुनी कपाटे, पेट्या आणि खुर्च्या हा विषय आपणांस किरकोळ वाटेल. पण वाडे पाडून तेथे इमारती उभ्या राहू लागल्यापासून हा प्रश्न घरोघर येऊन ठेपला आहे. नव्या जागेत आजोबांचा पलंग मावत नाही, वाडा रिकामा करून देण्याची तारीख जवळ आलेली असते, आणि जुने सामान घेणारा दारात उभा राहून "सगळे मिळून अमुक देतो" म्हणतो. या 'सगळे मिळून'मध्ये घराचे किती नुकसान होते, ते आज पाहावयाचे आहे.

जुन्या वस्तूला तीन मोले असतात, असे आम्ही मानतो : लाकडाचे, कारागिरीचे आणि आठवणीचे. पैकी आठवणीचे मोल बाजारात कोणी देत नाही. ते मागूही नये. परंतु लाकडाचे मोल घेऊन कारागिरी फुकट देऊन टाकणे हा तोट्याचा व्यवहार होय, आणि तो बहुधा वस्तू नीट न पाहिल्यामुळे घडतो.

तेव्हा प्रथम लाकूड पाहू. साग सोनेरी तपकिरी असतो व वयाबरोबर गडद होतो. हाताला तो किंचित तेलकट लागतो, आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा धरत नाही. शिसव जांभळट काळसर, गडद रेघांचे आणि सागाहून वजनदार असते. कोकणातील फणसाचे लाकूड मूळचे पिवळे. पुढे ते तपकिरी होत जाते. मात्र वरच्या रंगावर भिस्त ठेवू नये, कारण शिसवी पॉलिश कोणत्याही लाकडावर चढते. यासाठी वस्तू उलटी करावी. खणाचा तळ, कपाटाची पाठ, बैठकीची खालची बाजू येथे सहसा पॉलिश नसते, आणि लाकडाचे खरे रूप दिसते.

वयाचा अदमासही याच बाजूने लागतो. हातकरवतीच्या खुणा सरळ पण कमीजास्त अंतराच्या असतात. गोल यंत्रकरवतीच्या कमानीसारख्या. हाताने रंधलेल्या फळीवर बोटे आडवी फिरवली तर हलके चढउतार जाणवतात. लाकूड रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून जुन्या गोल मेजाचा व्यास दोन दिशांनी मोजला तर थोडा फरक पडतो. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकापूर्वीचा नव्हे. पूर्वीचे सुतार सांध्यात सरस वापरीत; फेव्हिकॉल आला १९५९ साली. अर्थात एकाच खुणेवर निकाल देऊ नये. स्क्रू मागाहून बदललेला असेल, सांधा दुरुस्त झालेला असेल. चारपाच खुणा एकच गोष्ट सांगू लागल्या म्हणजे विश्वास ठेवावा.

झीज कोठे आहे तेही पाहावे. आरामखुर्चीच्या हातांची टोके, पेटीच्या झाकणाची कड, मेजाखालची पाय टेकण्याची पट्टी येथे झीज असणे स्वाभाविक आहे. सर्वत्र सारखीच झीज दिसली तर ती मुद्दाम केलेली असण्याचा संभव असतो. किड्यांच्या भोकांतून ताजा भुगा पडत असेल तर कीड अद्याप जिवंत आहे असे समजावे.

नावाच्या मोहाचेही एक उदाहरण देतो. इराणी हॉटेलांत दिसणाऱ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचा नमुना व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याने १८५९ साली काढला. १८६९ साली त्यांचा एकाधिकार संपला आणि इतर अनेक कारखाने तशाच खुर्च्या करू लागले. म्हणून केवळ आकारावरून 'थोनेट' म्हणू नये. बैठकीखाली चिठ्ठी किंवा शिक्का शोधावा.

आता मोल. प्रथम लाकडाचा हिशोब स्वतः करावा. सहा फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन इंच जाड फळी म्हणजे दीड घनफूट लाकूड. त्या जातीच्या जुन्या लाकडाचा भाव वखारीत विचारून गुणाकार केला की तळची किंमत कळते. तिच्याखाली उतरू नये. तिच्यावर कारागिरी चढते : कोरीवकाम, मूळच्या पितळी कड्या व कुलूप, खुर्च्यांचा पुरा संच. मोठा पलंग कितीही सुंदर असला तरी लहान घरांत मावत नसल्यामुळे त्याला गिऱ्हाईक थोडे, हेही ध्यानात ठेवावे. विकण्यापूर्वी घासून नवे पॉलिश मात्र करू नये. वर्षानुवर्षांच्या वापराने आलेली झळाळी जाणकाराला हवी असते, आणि ती एकदा खरवडली की परत येत नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरे. प्रत्येक वस्तूची वेगळी यादी करून निदान तिघांकडून भाव घ्यावा. आधी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवली तर डोळाही तयार होतो.

कायद्याचेही भान हवे. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो.

शेवटी, ही पारख दुधारी आहे. जिने आपली फसवणूक टळते, तिनेच आपल्याला दुसऱ्याला फसवताही येईल. बदललेला पाय, नवी पाठ, जोडलेली फळी गिऱ्हाइकाला आपण होऊन दाखवावी. ज्या सुताराने कोणाला न दिसणारी बाजूही मन लावून रंधली, त्याच्या कामाचा सौदा तरी सचोटीने व्हावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.