आगबोटीतील केबिन आणि शिदोरी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समुद्रापासून दूर, तीन हजार फूट उंचीवर वसलेल्या या बेंगळूर शहरात आगबोटीविषयी बोलावयास मी उभा राहिलो आहे, याचे काहींना हसू येईल. परंतु आपल्या मंडळातील कित्येक घराण्यांची मुळे देवगड-मालवणच्या वाळूत आहेत आणि अलीकडे त्यांपैकी तीन-चार कुटुंबांनी मला विचारले, ‘मुंबईहून गोव्याला जहाजाने जावे म्हणतो, केबिन कशी असते, जेवणाचे काय?’

आमच्या लहानपणी ‘रोहिदास’, ‘चंपावती’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे घरच्या माणसांसारखी घेतली जात. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी पणजीस लागे. पावसाळ्यात बंदरे बंद असत. बहुतेकांचे तिकीट डेकचे असे. सतरंजी अंथरली की तेवढी जागा आपली, असा तेथील अलिखित कायदा होता. केबिनी मोजक्या, आणि त्यांचा थाट बाहेरूनच पाहावा असा!

१९७२ च्या मे महिन्यात वडिलांनी आयुष्यात एकदाच केबिनचे तिकीट काढले. देवगडला माझी आजी अत्यवस्थ होती आणि आईचे दिवस भरत आले होते. मी नऊ वर्षांचा होतो. आत इंजिनाची धग आणि तेलाचा वास. तासाभरात आईला बोट लागली. अखेर तीच उठून डेकवर आली. तेथे एका अनोळखी मालवणी बाईने आपली वळकटी सरकवून तिला जागा दिली, आल्याचा तुकडा तोंडात धरावयास दिला आणि संध्याकाळी तांदळाची भाकरी व सुकी चटणी बळेच खाऊ घातली. रिकाम्या पोटी बोट अधिक लागते, हे शास्त्र त्या बाईला पुस्तकावाचून ठाऊक होते.

त्या काळी वाटेतल्या बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावात उतरावे लागे. त्या रात्री देवगडसमोर बोटीने भोंगा दिला. किनाऱ्यावरचे कंदील आम्हांला दिसत होते. परंतु लाटा चढल्या होत्या, पडाव येऊ शकला नाही. बोट थोडा वेळ थांबून पुढे निघाली. आई कठड्याला धरून उभी होती, एक अक्षर बोलली नाही. पणजीहून एस. टी.च्या गाड्या बदलत आम्ही देवगडला पोहोचलो तेव्हा आजीला नेऊन झाले होते. यात दोष कोणाचाच नव्हता. तरीही वडिलांनी पुन्हा बोटीचे तिकीट काढले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती वाहतूक थांबली आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. २०१८ साली ‘आंग्रिया’ हे जहाज मुंबई-गोवा मार्गावर आले, पण फार काळ टिकले नाही. २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ची सहल सुरू झाली. मात्र या तरंगत्या हॉटेलाला रत्नागिरी-मालवणशी कर्तव्य नाही. ज्याला गावी उतरायचे आहे त्याने रेल्वेच धरावी.

आता विचारणाऱ्यांसाठी. स्वस्त केबिन आतल्या बाजूची असते, तिला खिडकी नसते. अंधारात सकाळ झाल्याचेही कळत नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. तेथे हेलकावे कमी. उंचावरची, नाळेकडची केबिन दिसावयास देखणी, पण हलते तीच. जेवण बहुधा भाड्यातच धरलेले असते, शाकाहारी मंडळींची आबाळ होत नाही. पेयांचे आणि खास उपाहारगृहांचे पैसे मात्र निराळे पडतात, ते आधीच विचारून घ्यावे. ताटात थोडे वाढून घ्यावे, उपाशी मात्र राहू नये. मळमळू लागल्यास केबिनमध्ये पडून न राहता उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहावे.

आणि खिडकीची केबिन घेणार असाल तर गोव्याकडे जाताना डाव्या हाताची मागा. किनारा त्या बाजूस राहतो. जहाज फार खोल समुद्रातून जात नसेल आणि हवा स्वच्छ असेल, तर रात्री देवगडचा दीपस्तंभ दिसू शकेल. मी गेलो होतो तेव्हा त्यासाठी जागा राहिलो होतो.