किडनीचा पेशंट आणि चिकनची बोटी



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण घरात किडनीचा पेशंट असला की क्रिएटिनिन, ईजीएफआर हे शब्द माणूस आपोआप शिकतो. आमच्या अब्बांचं निदान झालं आणि आठवड्याभरात नातेवाइकांची दोन फर्मानं आली. एक, "चिकन, अंडं, सगळं बंद करा." दुसरं, "ताकद कुठून येणार? रोज यखनी पाजा." दोन्ही मायेपोटी, आणि दोन्ही चुकीची.

हिशेब साधा आहे. किडनी मंदावली आहे पण डायलिसिस नाही, अशा पेशंटला दिवसाला किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगतात, काहींना त्याहून कमी. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. शिजवलेल्या, बिनहाडाच्या १०० ग्रॅम चिकनमध्येच ३० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. शिवाय चपाती, डाळ, दूध यांतलंही धरायचं. तेव्हा दोन लहान बोट्या बसतात, पाव किलो बसत नाही.

डायलिसिस सुरू झालं की गणित उलटतं. त्यात अमिनो आम्लं शरीराबाहेर जातात, म्हणून गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमवर जाते. अशा माणसाचं चिकन, अंडं जुन्या पथ्याच्या नावाखाली तोडलं तर त्याचे स्नायू झिजतात. हा फरक अनेक घरांत माहीतच नसतो.

खरं तर बोटीपेक्षा तिच्याभोवतीचं जास्त नडतं. मीठ दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा. त्यातच तयार मसाला, पापड, लोणचं सगळं आलं. 'कमी सोडियम'चं मीठ आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदयाची लय बिघडू शकते. फ्रोजन नगेट्स, सॉसेज यांत वरून फॉस्फेट घातलेलं असू शकतं. ताज्या मांसातला फॉस्फरस शरीर साधारण निम्माच शोषतं, हा वरचा मात्र जवळजवळ सगळा. पाकिटावर ४५०, ४५१, ४५२ हे आकडे दिसले तर पाकीट परत ठेवा.

यखनीचं म्हणाल तर उकळताना पोटॅशियम आणि फॉस्फरस पाण्यात उतरतात, आणि आपण ताकदीच्या नावाखाली नेमकं तेच पाणी पाजतो. त्याऐवजी तुकडे उकळून पाणी टाकून द्या आणि मग सालन करा. चव थोडी जाते. आलं, लसूण, लिंबानं बरीचशी परत येते.

दावतीत "एक लेग पीस तरी घ्याच" हा आग्रह आपल्या पिढीनं सोडावा. पेशंट पाहुणा लाजेखातर खातो. अम्मी-खालांना समजावणं आपलंच काम आहे. त्यांच्यासाठी मीठ घालायच्या आधी दोन तुकडे बाजूला काढले तरी पुरे.

आणि घरात कुणाला शुगर किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. पथ्य किती, कसं, ते रिपोर्ट पाहून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील.