रक्तचाचणी काय सांगते, काय सांगत नाही



आता आपण सगळे साठीच्या आसपास आहोत, त्यामुळे गप्पांत तपासण्यांचा विषय निघतोच. ‘रक्तावरून कॅन्सर आधीच कळतो म्हणे, खरं का?’ असं सकाळपासून मला चौघांनी विचारलं. म्हणून त्याबद्दलच थोडं बोलते.

जंतू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, तयार करतं हे आपण शाळेत शिकलो. कॅन्सरच्या पेशी आपल्याच असतात. पण त्यांतली काही प्रथिनं बिघडलेली असतात, काही नको तेवढी वाढलेली. शरीराला ती परकी वाटली, तर त्यांच्याविरुद्धही प्रतिपिंडं तयार होतात. १९८२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या काही रुग्णांच्या रक्तात ‘पी-५३’ या प्रथिनाविरुद्धची अशी प्रतिपिंडं सापडली. गाठ लहान असतानाही ती रक्तात असू शकतात, म्हणून त्यांच्याबद्दल आशा वाटते.

स्कॉटलंडमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त असलेल्या १२,२०८ जणांवर याचा मोठा अभ्यास झाला. बहुतेक सगळे सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले. निम्म्यांची सात प्रतिपिंडांसाठी रक्तचाचणी केली आणि ज्यांची पॉझिटिव्ह आली, त्यांचे सीटी स्कॅन केले. दोन वर्षांत चाचणीच्या गटात पुढच्या टप्प्यातले ३३ कॅन्सर निघाले, दुसऱ्या गटात ५२. हा फायदा खराच.

आता दुसरी बाजू पाहा. चाचणी पॉझिटिव्ह आली ५९८ जणांची. त्यांतल्या फक्त १८ जणांना त्या दोन वर्षांत फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. उरलेल्यांना काळजी आणि स्कॅनच्या खेपा. उलट, त्या गटातल्या एकूण ५६ रुग्णांपैकी ३८ जणांची चाचणी निगेटिव्ह होती!

म्हणजे ही चाचणी निदान करत नाही. पुढे कोणाला तपासावं एवढंच सुचवते. पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, डॉक्टरांकडे जा. आणि निगेटिव्ह रिपोर्ट कपाटात ठेवून निर्धास्त तर मुळीच होऊ नका. तोंडात न भरणारी जखम, स्तनात गाठ, थुंकीतून रक्त, कारण नसताना उतरणारं वजन यांतलं काही दिसलं, तर रिपोर्ट काहीही म्हणो, दाखवून या. आणि मित्रांनो, तंबाखू सोडा. त्यासाठी कुठल्याही रिपोर्टची वाट पाहायला नको.

पुढच्या मेळाव्याला सगळे असेच भेटू.