मुलींचा बास्केटबॉल आणि स्पर्शाची मर्यादा
(प्राथमिक शिक्षक-शिक्षिकांसमोर केलेले भाषण)



यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत मुलींना लंगडी, खो-खो आणि कबड्डी हे खेळ घरचेच आहेत. फक्कीच्या चार रेघा आणि शिक्षकाची शिट्टी एवढ्या सामग्रीवर ते उभे राहतात. अशा मुलींच्या हाती बास्केटबॉल प्रथम येतो तेव्हा एक प्रकार हमखास घडतो. चेंडू घेतलेल्या मुलीच्या कमरेला एक मिठी घालते, दुसरी तिचा हात धरते आणि तिघीही मुरमावर कोसळतात. यात मुलींचा दोष नाही. कबड्डीत जी पकड वाखाणली जाते तीच येथे अपराध ठरते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

या दोन खेळांची एक जुनी गाठ आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी शेजारच्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. पुरुषांचा बास्केटबॉल ऑलिम्पिक स्पर्धेत प्रथम आला तोही त्याच वर्षी, त्याच नगरीत. आणि त्याचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ तेथे जातीने उपस्थित होते. एका खेळात धरणे हाच धर्म, तर दुसऱ्यात धरणे हाच दोष. मात्र कबड्डीतही केस वा कपडे ओढण्यास आणि तोंड दाबून दम तोडण्यास मनाई आहेच. मर्यादेवाचून खेळ नाही. प्रत्येक खेळाची मर्यादा तेवढी निराळी.

नेस्मिथ यांनी हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे रचला. खेळ बंदिस्त व्यायामशाळेत खेळावयाचा होता. तेथील कठीण जमिनीवर पाडापाडी झाली तर इजा ठरलेली. त्यांनी विचार केला तो असा : चेंडू घेऊन पळणाऱ्यास थांबविण्यासाठी त्याला पाडावे लागते, तेव्हा चेंडू घेऊन पळण्यासच बंदी घातली तर पाडण्याचे कारणच उरत नाही. त्यांच्या मूळ तेरा नियमांपैकी पाचव्याने खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय घालून पाडणे व मारणे निषिद्ध ठरविले. दुसऱ्यांदा तसे करणाऱ्याने पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसावे, आणि इजा करण्याचा हेतू उघड दिसल्यास उरलेला सारा सामना बाहेर राहावे, असा दंडक होता.

लवकरच स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने हा खेळ विद्यार्थिनींना शिकविला. १८९३ च्या मार्चमध्ये तेथे पहिला सामना झाला. धक्काबुक्की टळावी म्हणून त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले, प्रत्येक खेळाडूस आपल्या भागात राहण्याचे बंधन घातले आणि हातातील चेंडू हिसकावण्यास बंदी केली. हेतू चांगला होता, आणि मुलींना मैदानावर आणण्याचे त्यांचे श्रेय मोठे आहे. परंतु या संरक्षणाची किंमत मुलींनीच भरली : त्यांना पूर्ण मैदान धावता येईना. अमेरिकेत मुलींच्या खेळात विभागलेले मैदान पुढे कित्येक दशके टिकले. ऑलिम्पिकमध्ये महिलांचा बास्केटबॉल आला तो १९७६ साली, पुरुषांनंतर चाळीस वर्षांनी.

आजचा नियम निराळ्या वाटेने जातो. तो खेळणाऱ्या मुलीला आवरीत नाही. धक्का देणारीला आवरतो. महिलांचा चेंडू किंचित लहान असतो; स्पर्शाचे नियम मात्र पुरुषांचेच. त्यांचे मूळ तत्त्व तिसरीतल्या मुलीलाही समजेल असे आहे. प्रत्येक खेळाडूची पावलापुरती जागा आणि तिच्यावरचे आकाश ही तिची स्वतःची. सरळ उभी राहून वर हात केले तर ती आपल्याच घरात असते. हात पुढे झुकवून दुसरीच्या अंगावर आणला तर ती परक्या घरात शिरली. टक्कर झाल्यास शिक्षकाने एवढेच पाहावे : जागा आधी कोणाची होती? दोन्ही पाय टेकवून समोर आधीच उभ्या असलेल्या मुलीवर चेंडूवाली जाऊन आदळली, तर दोष चेंडूवालीचा. अडविणारी ऐनवेळी आडवी आली, तर दोष तिचा. चेंडूवर असलेल्या हाताला झालेला स्पर्श मात्र दोष नव्हे.

दोषाची भरपाईही नियमाने ठरविली आहे. चेंडू फेकणारीस धक्का बसून नेम चुकला तर तिला, जागेप्रमाणे, दोन किंवा तीन मुक्त फेकी मिळतात. पाच दोष झालेली खेळाडू सामन्याबाहेर जाते. ही भरपाई क्षुल्लक नव्हे. २०१७ साली बेंगळुरू येथे आशिया चषकाच्या ब विभागात भारतीय महिलांनी कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असे हरवून अजिंक्यपद मिळविले. पुण्याच्या शिरीन लिमये त्या संघात होत्या. अंतर अवघे दोन गुणांचे, म्हणजे दोन मुक्त फेकींचे.

शाळेत यासाठी फार काही लागत नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मिनी-बास्केटबॉल आहे; त्यात चेंडू लहान आणि कडे ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटर उंचीवर असते. पहिले काही दिवस अडविणारीने हात पाठीमागे बांधून केवळ पायांनी वाट अडवावी. दोष होताच शिक्षकाने शिट्टी वाजवून मूठ वर करावी, आणि ‘धरले’, ‘ढकलले’, ‘वाट अडवली’ असे दोषाचे नाव मोठ्याने सांगावे. नेम शिकविताना मुलीचा हात धरून वळविण्यापेक्षा स्वतः करून दाखवावे. स्पर्शाची मर्यादा शिकविणाऱ्यासही लागू आहे.

शेवटी मुद्दा खेळापलीकडचा आहे. धक्का खाऊन कपडे झटकीत मुकाट्याने उभी राहणारी मुलगी पुष्कळदा ‘सोशीक’ म्हणून नावाजली जाते, आणि बोलून दाखविणारी ‘भांडखोर’ ठरते. मैदानावर हे उलटविता येते. आपल्या अंगाला झालेला गैरस्पर्श हा दोष आहे, त्याला नाव आहे, तो सांगितल्यास ऐकणारे माणूस आहे आणि त्याची भरपाई आहे, हे ज्या मुलीने दहाव्या वर्षी शिट्टीच्या आवाजात ऐकले, ती ते पुढे विसरणार नाही. तसेच, आपल्या हातून झालेला दोष मुकाट्याने मान्य करून खेळ पुढे चालविणारी मुलगीही काही शिकूनच घरी जाते. म्हणून मुलींच्या सामन्यात शिक्षकाने शिट्टी राखून ठेवू नये. ती वेळेवर वाजली, तरच मुली पूर्ण मैदान निर्भयपणे धावतील.