पायाखालचे जंगल

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



जंगल म्हटले की आपण वर बघतो. आज थोडे खाली बघू या. त्यासाठी तुम्हाला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नेतो. तिथे मेनोमिनी आदिवासी राहतात. 1854 च्या तहाने त्यांना जे राखीव क्षेत्र मिळाले, ते आज सुमारे 2 लाख 35 हजार एकर आहे. त्यातले बहुतेक जंगलच.

मॅपल, बासवुड, ओक ही तिथली पानगळीची झाडे. आपला साग पाणी वाचवायला उन्हाळ्याच्या तोंडावर पाने टाकतो. तिथे थंडीच्या आधी पाने गळतात. गळण्याआधी झाड पानातले काही सत्त्व परत ओढून घेते, उरलेले मातीला देते. बासवुडचे पान लवकर कुजते, ओकचे सावकाश. बुरशी आणि किडे त्याची काळी माती करतात.

बर्फ वितळल्यावर, झाडांना पालवी फुटण्याआधी, काही आठवडेच ऊन जमिनीवर पडते. तेवढ्यात ट्रिलियमसारखी रोपे फुलून घेतात. त्यांचे बी मुंग्या वाहून नेतात. त्या बीपासून फूल यायला सात वर्षे किंवा अधिकही लागतात. म्हणजे हा पाला एकदा गेला, तर नुकसान एका वर्षात भरून येत नाही.

आपण गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणतो. पण हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या त्या उत्तरेकडच्या जंगलांत गांडुळे नव्हतीच. युरोपातून लोकांबरोबर आली, मासेमारीच्या आमिषातून पसरली. ती जिथे वाढली तिथे पाल्याचा थर संपतो आणि मॅपलची रोपे, रानफुले कमी होतात. प्रत्येक मातीचा स्वभाव वेगळा. तो तिथल्या माणसांनाच ओळखावा लागतो.

मेनोमिनींनी जंगलाला कुंपण घातले नाही. 1908 पासून त्यांची स्वतःची लाकूड गिरणी आहे. पण जंगल वाढते किती, ते बघून तोड ठरते. इतकी वर्षे तोड करूनही आज तिथे 1854 पेक्षा जास्त लाकूड उभे आहे. मधे सरकारने 1954 च्या कायद्याने त्यांची जमात म्हणून असलेली मान्यताच काढली. 1961 मध्ये तो अमलात आला, त्यांचे रुग्णालय बंद पडले. लोक लढले आणि 1973 मध्ये मान्यता परत मिळवली. तेवढ्या हलाखीतही जंगल टिकले.

आता आपल्याकडे या. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. पण मोहाची फुले दिसावीत म्हणून आपण झाडाखालचा पाला पेटवतो. बायाबापड्यांना भल्या पहाटे फुले वेचायची असतात, त्यांची अडचण खरी आहे. पण ती आग झाडाखालीच थांबत नाही. पुढे पसरते, आणि मोहाचीच कोवळी रोपे जळतात. मग आपल्या नातवंडांनी फुले कुठे वेचायची?

पाला झाडून बाजूला करता येतो. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरता येते. येत्या हंगामाआधी हा विषय ग्रामसभेत घ्या. बायांना आधी बोलू द्या, कारण काम त्यांचे आहे.

हिब्रू भाषेत माणूस म्हणजे आदाम आणि जमीन म्हणजे आदामा. शब्दच सांगतो, आपण कोणाचे आहोत.