आधी नाव विचारा, मग पिशवी लावा

व्यासपीठावरील मान्यवर, शुश्रूषा महाविद्यालयांतले शिक्षक, रक्तकेंद्रांतले तंत्रज्ञ आणि रात्रपाळी उतरून थेट इथं आलेल्या माझ्या सिस्टर व ब्रदर मंडळींनो,

स्वागत समितीच्या वतीनं परळमध्ये तुम्हां सर्वांचं मनापासून स्वागत. गडचिरोली आणि नंदुरबारकडच्या सिस्टर्सचं अंमळ जास्तच. त्यांच्याकडे सिकलसेलचे पेशंट पुनःपुन्हा रक्तासाठी येतात आणि रक्तकेंद्र काही हाकेच्या अंतरावर नसतं.

रक्तसंक्रमणावरची ही परिषद मुंबईत भरावी हे रास्तच आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथंच सापडलेला एक दुर्मीळ रक्तगट 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडला. आज तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. साध्या तपासणीत हा पेशंट 'ओ' गटाचा दिसतो. पण 'ओ' गटाच्या पेशींवर जो एच घटक असतो, तोच याच्याकडे नसतो आणि त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं रक्तात तयार असतात. म्हणजे सगळ्यांना चालणारं म्हणून आपण ज्या 'ओ'वर भरवसा ठेवतो, तेच याच्या जिवावर उठतं. क्रॉसमॅच केला की ते कळतं. "गट माहीत आहे, क्रॉसमॅच कशाला?" असं कुणी घाई करत म्हणालं, तर त्याला परळचा हा इतिहास जरूर ऐकवा.

पण असा पेशंट आपल्याकडे हजारोंत एखादा. वॉर्डातला रोजचा धोका याहून फार साधा आहे आणि त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही. एकाच वॉर्डात दोन सुनंदा पाटील असतात. एकीचं सिझर झालंय, दुसरी ॲनिमियाची. आपण विचारतो, "तुम्ही पाटीलच ना?" अर्धवट झोपेतली बाई 'हो' म्हणते. कानानं कमी ऐकणाऱ्या आजी तर कशालाही 'हो बाळा' म्हणतात. म्हणून प्रश्न असा हवा : "तुमचं पूर्ण नाव सांगा." मग हातातला पट्टा, केसपेपर, पिशवीवरचा नंबर, गट आणि मुदतीची तारीख दोघींनी मिळून, खाटेपाशी उभं राहून वाचायची. टेबलावर बसून सही करणं म्हणजे तपासणी नव्हे. सॅम्पल घेतानाही तेच. ट्यूबवर नाव तिथंच, त्याच वेळी घालायचं. नाव चुकलं तर प्रयोगशाळा अचूक काम करून चुकीचं रक्त पाठवील.

'ए' गटाच्या माणसाला 'बी' गटाचं रक्त गेलं, तर थोड्याशा मिलिलिटरमध्येही अनर्थ होऊ शकतो. लाल पेशी फुटतात, थंडी वाजते, कंबर दुखते, लघवी लालसर-काळी होते, बीपी घसरतं. ऑपरेशन टेबलवर भूल दिलेला पेशंट तर कण्हतही नाही. म्हणून पहिली पंधरा मिनिटं धार हळू ठेवायची आणि पेशंटजवळून हलायचं नाही. काही वेगळं वाटलं की पहिलं काम एकच, रक्त थांबवणं. शीर सलाईनवर, नव्या सेटनं चालू ठेवा, डॉक्टरांना बोलवा. पिशवी सेटसकट रक्तकेंद्राकडे परत पाठवा, कचऱ्यात टाकू नका. रक्त थांबवायला कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका.

बाकीच्या गोष्टी तुम्हांला पाठ आहेत, पण घडतात म्हणून बोलते. नातेवाईक पिशवी भाजीच्या थैलीतून आणतात, मग ती वॉर्डच्या फ्रिजमध्ये इंजेक्शनांशेजारी जाते. लाल पेशींना 2 ते 6 अंशांचं खात्रीचं तापमान लागतं, तो फ्रिज ते देत नाही. पिशवी बाहेर आल्यापासून अर्ध्या तासात लावायची आणि चार तासांत संपवायची. कोमट करायला गरम पाण्यात बुडवणं किंवा पेशंटच्या काखेत ठेवणं, हे आजपासून बंद करा. रक्ताबरोबर फक्त नॉर्मल सलाईन. रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होतात, डेक्स्ट्रोजनं पेशी फुटतात. प्लेटलेट्स मात्र फ्रिजमध्ये कधीच नाहीत.

आता व्यासपीठावरच्या प्रशासकांना एक विनंती, स्वागताध्यक्षाच्या मर्यादेत राहून. चाळीस खाटांमागे एकच सिस्टर असेल, तर खाटेपाशी दुसरी सही कुणाची? ती मागून घेतली जाते, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. हा दोष सिस्टरचा नाही, ड्यूटी लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणं देशात बंद झालं. 2012 पासून रक्तसंक्रमणातल्या प्रतिक्रियांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रमही आहे. कायदा आला, कार्यक्रम आला. पण "मेमो मिळेल" या भीतीनं वॉर्डातली थंडी-तापाची नोंद चार्टवरच राहते, पुढे जात नाही.

जेवणाची सोय तळमजल्यावर आहे. मुक्कामाच्या व्यवस्थेत उणीव राहिली असेल तर घरचं कार्य समजून सांभाळून घ्या. दुपारच्या सत्रात आपल्या वॉर्डात घडलेले प्रसंग सांगायचे आहेत. पेशंटचं, रुग्णालयाचं, सहकाऱ्याचं नाव घेऊ नका. पण काय घडलं ते आडपडदा न ठेवता सांगा, आणि परत गेल्यावर तुमच्याकडची पुढची प्रतिक्रिया फॉर्म भरून नक्की कळवा.